भक्ष्य केवढं, किती दिवसांनी, आणि सापाची वाढ

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नऊ महिन्यांचा कॉर्न स्नेक, वजन ६२ ग्रॅम. गेले काही महिने दर सात दिवसांनी साधारण ५ ग्रॅमची एक फझी, म्हणजे नुकती लव फुटलेलं उंदराचं पिल्लू. त्याच्याच खेपेच्या अंड्यातून निघालेलं भावंड दुसऱ्याकडे आहे, त्याला मोठे उंदीर मिळतात आणि ते १४० ग्रॅमचं झालंय. तर उंदीर मोठा करावा की दिवस कमी करावेत? शिवाय दोन शंका: कमी खाल्लेला साप कायमचा लहान राहतो का, आणि घरातली ७०० ग्रॅमची बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) मादी पाच आठवडे खात नाही, तिची वाढ खुंटेल का?

आधी सरळ उत्तर देतो. वाढीचा वेग मुख्यतः एका आकड्यावर ठरतो: महिन्याभरात सापाच्या पोटात त्याच्या स्वतःच्या वजनाच्या मानानं एकूण किती गेलं. हे पचवायला पुरेशी ऊब हवी, ही अट अर्थातच आहे. उंदराचा आकार आणि जेवणांमधलं अंतर, दोन्हींमुळे हाच आकडा बदलतो. पण म्हणून एकाऐवजी दुसरं चालेल असं नाही. आकार वाढवण्याचे धोके वेगळे, दिवस कमी करण्याचे वेगळे, आणि कुठल्या सापाला काय मानवतं हे त्याच्या जातीवर अवलंबून असतं. तुमच्या बाबतीत उंदीर मोठा करा, दिवस तेच ठेवा. का, ते सविस्तर सांगतो.

तुमच्या नोंदींत एक गोष्ट चटकन डोळ्यात भरते. साप वाढत गेला आणि फझी मात्र ५ ग्रॅमचीच राहिली. तो ४० ग्रॅमचा होता तेव्हा ५ ग्रॅम म्हणजे वजनाच्या साडेबारा टक्के, वाढत्या पिल्लाला अगदी योग्य. आज ६२ ग्रॅमवर तेच जेवण आठ टक्क्यांवर आलंय. असंच चालू ठेवलंत तर १०० ग्रॅमला पाच टक्के उरतील, आणि तेवढं तर आम्ही मोठ्या, वाढ संपत आलेल्या सापांना देतो, तेही आठवड्याला नाही. सापाची वाढ आपोआप मंदावलेली नाही. तुमच्या हातून त्याचं ताट न कळत लहान होत गेलंय. हे फार सर्रास घडतं, कारण ‘आठवड्याला एक’ हे लक्षात ठेवायला सोपं आणि टक्केवारी काढायचा कंटाळा.

ही घट वरवर दिसते त्यापेक्षा जास्त महागात पडते. सापानं खाल्लेल्यातला पहिला वाटा शरीर चालू ठेवण्यात जातो: श्वास, हृदय, हालचाल, कात. वाढीच्या वाट्याला येतं ते त्यातून उरलेलं. समजा आठवड्याच्या ५ ग्रॅमांतले ३ ग्रॅम नुसतं शरीर चालवण्यात गेले, तर वाढीला उरले २. आता जेवण ८ ग्रॅम केलं तर वाढीला ५ उरतील. जेवण दीडपटीपेक्षा थोडंसंच जास्त झालं, पण वाढीचा वाटा अडीचपट. हे आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत, प्रत्यक्ष प्रमाण जात, वय आणि तापमान यांनुसार बदलतं. पण गणिताची तऱ्हा हीच असते, म्हणून भक्ष्यातला छोटा फरक दोन भावंडांत काही महिन्यांत एवढी तफावत पाडू शकतो.

आता त्या १४० ग्रॅमच्या भावंडाकडे वळू. त्याच्याकडे बघून लगेच न्यूनगंड वाटून घेऊ नका. शरीराची ठेवण तीच राहिली तर वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट. ६२ वरून १४० म्हणजे वजन सव्वादोनपट, आणि त्यासाठी लांबी सुमारे ३० टक्क्यांनी जास्त असायला हवी. तुमचा साप ६५ सेंटिमीटर असेल तर तशाच बांध्याचं १४० ग्रॅमचं भावंड ८५ सेंटिमीटरच्या आसपास भरलं पाहिजे. मोजायला सांगा. ८५ भरलं तर ते खरोखर पुढे गेलंय, उत्तम. ७२ भरलं तर त्या बांध्यानं त्याचं वजन ८५ ग्रॅमच्या आसपास असायला हवं होतं. वरचे ५०-५५ ग्रॅम म्हणजे बहुतेक चरबी आणि थोडं पोटातलं अन्न. तसं असेल तर काळजी त्या सापाची करायची.

लांबी मोजायची सोपी पद्धत: साप स्वतः निवांत सरकत असताना वरून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि नंतर फोटोवर वळणावळणानं दोरा धरून मोजा. ओढून ताणून मोजू नका, त्यात साप बिचकतो आणि आकडाही खोटा येतो. वजन मात्र एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, जेवणाच्या आधी आणि विष्ठा होऊन गेल्यावर. पोटात ९ ग्रॅमचा उंदीर असताना केलेलं वजन हे उंदराचंही वजन असतं.

लांबी आणि वजन दोन्ही का मोजायचं, याला एक विलक्षण कारण आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॅट स्नेक, बॉल पायथन आणि रॅटलस्नेक यांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवलं होतं. त्यांनी आपला चयापचय खाली आणला, काहींनी तर ७० टक्क्यांहून जास्त. वजन उतरत गेलं. आणि तरी त्यांची लांबी वाढली! साठवलेली चरबी आणि स्नायू मोडून साप हाडं वाढवत राहिले. म्हणजे ‘लांब होतोय ना, मग पुरेसं मिळतंय’ हा निष्कर्ष चुकू शकतो, आणि ‘वजन वाढतंय ना, मग वाढ होतेय’ हाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खरं चित्र दिसतं. वारंवार कात टाकली म्हणजे जोमानं वाढतोय असंही अनेक जण धरून चालतात. कात वाढीशी जोडलेली आहे खरी, पण जखम, त्वचेचा त्रास, दमटपणा यांमुळेही ती लवकर येते. तिला पुरावा मानू नका.

आता मूळ मुद्दा: एक मोठं की लहान दोन, आठ दिवसांनी की पाच? इथे सापाच्या पोटात काय घडतं ते माहीत असलं की अर्धे वाद मिटतात.

बर्मीज पायथनवर या बाबतीत भरपूर काम झालंय. उपाशी अजगराचं आतडं आकसलेलं असतं, जठरातली आम्लता जवळजवळ बंद असते. भक्ष्य गिळलं की एक-दोन दिवसांत आतड्याचं वजन साधारण दुप्पट होतं, त्यातले शोषणाचे सूक्ष्म तंतू कित्येक पटींनी लांब होतात, यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात, जठर तीव्र आम्ल बनतं. स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं भक्ष्य खाल्लं तर ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या दहा पटींहून वर जातो. फार प्रचंड भक्ष्य गिळलेल्या सापांत तो चाळीस पटींच्या पुढे गेल्याचंही नोंदवलंय. मग आठ-दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, सगळं पुन्हा निवतं. चूल विझवून ठेवायची आणि शिधा आला की पेटवायची, असा हा प्रकार. अशा पचनात खाल्लेल्या ऊर्जेचा चौथा ते तिसरा हिस्सा पचवण्यातच खर्च होतो.

एका जागी दबा धरून बसणाऱ्या, क्वचित पण मोठं खाणाऱ्या सापांची ही रीत: अजगर, बोआ, अनेक व्हायपर. याउलट हिंडून शिकार करणारे साप निसर्गात जास्त वेळा आणि तुलनेनं लहान भक्ष्य खातात. त्यांचं आतडं दोन जेवणांच्या मध्ये एवढं आकसत नाही, त्यामुळे पेटवायचा खर्च कमी, पण चालू ठेवायचा खर्च सतत. म्हणूनच उपाशी असतानाही त्यांचा चयापचय दबा धरणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. कॉर्न स्नेक, किंग स्नेक, गार्टर स्नेक हे साधारण या दुसऱ्या बाजूचे.

यातून व्यवहाराचं काय निघतं? बॉल पायथन किंवा बोआला बऱ्यापैकी भरीव जेवण आणि मग चांगलं अंतर मानवतं. त्यांना दर चार दिवसांनी लहानसहान देत राहिलात तर आतड्याला निवायला वेळच मिळत नाही, आणि तसं केल्यानं निरोगी वाढ जास्त होते असं मला कधी दिसलेलं नाही. लवकर दिसते ती चरबी. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला मात्र मध्यम आकाराचं भक्ष्य पाच ते सात दिवसांनी हे बरोबर बसतं. गार्टरची पिल्लं तर त्याहून लवकर, चार-पाच दिवसांनी मागतात, कारण ते मासे आणि गांडुळांवर वाढतात आणि ते भरभर पचतं.

‘लहान लहान पण वारंवार दिलं की साप जास्त वेगानं वाढतो’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्यांच्या नोंदी मागा. बहुतेक वेळा असं निघतं की वारंवार देताना महिन्याची एकूण बेरीजच वाढलेली असते. बेरीज खरोखर सारखी ठेवली तर फरक फार मोठा उरत नाही, कारण पचवण्याचा खर्च साधारणपणे जेवणाच्या आकाराबरोबरच वाढतो. लहान जेवणांचा खरा फायदा वेगळा आहे: पचन सुरक्षित राहतं, साप उलटून टाकण्याची शक्यता कमी. आजारातून उठलेल्या, अशक्त किंवा एकदा भक्ष्य ओकलेल्या सापाला म्हणूनच लहान द्यायचं.

मोठ्या भक्ष्याचा धोका समजून घ्या. जबड्याचा प्रश्न नसतो. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडानं जोडलेले नसतात, मध्ये लवचिक उती असते, मागची हाडंही सैल हलतात, त्यामुळे तो डोक्याच्या कितीतरी पट रुंद वस्तू गिळतो. (जबडा ‘निखळतो’ ही नुसती आख्यायिका.) अडचण पुढे येते. साप भक्ष्य चावून खात नाही, तुकडे करत नाही. जठरातलं आम्ल बाहेरून आत झिरपत जातं, आणि त्याच वेळी उंदराच्या स्वतःच्या पोटातले जिवाणू आतून बाहेर वाढत असतात. पचन जिंकलं तर ठीक. उंदीर फार मोठा असला किंवा पेटी गार असली तर कुजणं जिंकतं, पोट फुगतं आणि तीन-चार दिवसांनी दुर्गंधीचा गोळा बाहेर येतो. त्याबरोबर आम्ल जातं, पाणी जातं, अन्ननलिका पोळते. वाढीच्या दृष्टीनं पाहिलं तर एकदा ओकणं म्हणजे तीन-चार आठवडे वाया: जेवण गेलंच, वर दहा ते चौदा दिवस पोटाला विश्रांती, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं जेवण, ते टिकलं तर हळूहळू वर. लागोपाठ दुसऱ्यांदा ओकला तर प्रयोग थांबवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी किंवा बोआंमधला विषाणूजन्य आजार अशाच खुणा दाखवतो.

म्हणून आकाराची मर्यादा: भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा फार तर सव्वापट. जेवणानंतर पोटावर हलका फुगवटा दिसावा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो विरू लागावा. इंटरनेटवर पोट उंदराच्या आकाराचं ताणलेलं, कातडी तटतटलेली, असे फोटो लोक अभिमानानं टाकतात. मला ते फोटो बघवत नाहीत.

जाडी आणि वजन हे दोन्ही निकष एकत्र वापरा, कारण एकटा कुठलाही फसवतो. लठ्ठ सापाचा ‘सर्वांत जाड भाग’ चरबीनंच जाड झालेला असतो, मग सव्वापट नियमानं त्याला आणखी मोठा उंदीर मिळतो. वजनाचं तेच: लठ्ठ सापाच्या वजनाची टक्केवारी काढली की जेवणही फुगतं. अशा वेळी त्या लांबीच्या सडपातळ सापाचं जे वजन असावं त्यावर हिशेब करा.

आता ऊब. हे थोडक्यात आटोपतो, पण याशिवाय वरचं सगळं निरर्थक आहे. कॉर्न स्नेकला उबदार बाजूला २९ ते ३१ अंश सेल्सिअस, बॉल पायथनला ३१ ते ३३, आणि दुसरीकडे सरकून जायला गार बाजू. तापमान वाढलं की पचन लवकर उरकतं, उतरलं की रेंगाळतं. पेटीच्या भिंतीवर लावलेला गोल काटा काय दाखवतो ते सोडा, साप जिथे पोट टेकतो तिथे मोजा. महिनोन्महिने वाढ अडलेल्या सापांच्या बाबतीत मी उंदराच्या आकाराआधी हाच प्रश्न विचारतो.

भक्ष्याच्या आकाराबरोबर आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे उंदराचं वय, आणि वयाबरोबर त्याचं पोषण. पिंकी, म्हणजे बिनकेसाचं नवजात पिल्लू, यात पाणी जास्त आणि कॅल्शियम कमी, कारण त्याची हाडं अजून कोवळी असतात. हॉपरमध्ये, म्हणजे डोळे उघडून उड्या मारू लागलेल्या पिल्लात, हाडं घट्ट झालेली असतात. पूर्ण वाढलेल्या उंदरात आणखी. त्यामुळे १० ग्रॅम पिंकी आणि १० ग्रॅमचा एक हॉपर हे वजनानं सारखे असले तरी हाडं बांधणाऱ्या सापाला सारखे नाहीत. म्हणूनच ‘उंदीर मोठा करायची भीती वाटते, दोन फझी देऊ का?’ याला माझं उत्तर: आठवडा-दोन आठवडे द्या हवं तर, पण तिथेच राहू नका. दुसऱ्या टोकाला, पिल्लं काढून थकलेल्या म्हाताऱ्या मोठ्या उंदरांत चरबी भरपूर असते. ते मोठ्या सापाला सर्रास देऊ नयेत. अख्खं भक्ष्य मिळत असेल तर वरून कॅल्शियमची पूड टाकायची गरज सहसा पडत नाही. आणि मेलेलं, गोठवून मग नीट वितळवून कोमट केलेलंच द्या. जिवंत उंदीर सापाला चावतो, आणि आकार जितका मोठा तितकी जखम खोल.

भक्ष्याच्या आकारानं डोक्याची ठेवण बदलते का, हे कुणी विचारलं नव्हतं, पण इतकं सुंदर उदाहरण आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टायगर स्नेकवरचा हा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. कार्नॅक बेटावरच्या सापांना निसर्गात सीगल पक्ष्यांची मोठी पिल्लं खावी लागतात, मुख्य भूमीवरच्यांना लहान भक्ष्य मिळतं. दोन्हीकडची नवजात पिल्लं वाढवून काहींना लहान आणि काहींना मोठे उंदीर दिले. बेटावरच्या ज्या पिल्लांना मोठे उंदीर मिळाले त्यांचे जबडे शरीराच्या मानानं लांब झाले. मुख्य भूमीच्या पिल्लांत तसा प्रतिसाद दिसला नाही. म्हणजे भक्ष्याचा आकार शरीर घडवू शकतो, पण वाव जातीत आणि त्या कुळात असेल तरच. तुमच्या कॉर्न स्नेकचं डोकं मोठं करायच्या नादात मोठे उंदीर देऊ नका, एवढाच यातला व्यवहार.

आता तुमची पहिली शंका: कमी खाल्लं तर कायमचा लहान? याचं प्रामाणिक उत्तर ‘काही अंशी हो’ असं आहे, आणि ते बऱ्याच पाळणाऱ्यांना आवडत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात फॉग डॅम परिसरातल्या वॉटर पायथनचा दीर्घकाळ अभ्यास झाला. २००० साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार, ज्या वर्षी उंदीर मुबलक होते त्या वर्षी जन्मलेली पिल्लं पहिल्या वर्षात भरभर वाढली आणि नंतरही त्यांचा वाढीचा वेग इतरांपेक्षा वरचढ राहिला. पहिल्या वर्षाची सुबत्ता पुढे कित्येक वर्षं कामाला आली. तेव्हा पहिलं वर्ष महत्त्वाचं आहे. पण तिथलं दुर्भिक्ष म्हणजे खरी उपासमार, आठ टक्के साप्ताहिक जेवण नव्हे. नऊ महिन्यांचा तुमचा साप थोडा मागे आहे, खुरटलेला नाही. या वयात जेवण सुधारलं की ते बहुतेक भरून निघतं. प्रौढपणी अंतिम लांबी किती होईल यात आनुवंशिकता आणि लिंग यांचाही मोठा हात असतो. अजगर आणि बोआंत माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात, आणि नराला कितीही खायला घातलं तरी तो मादीएवढा होत नाही, फक्त गोल होतो. ‘पेटी लहान ठेवली की साप लहान राहतो’ हे मात्र पूर्ण खोटं. लहान पेटीत राहतो तो फक्त कोंडलेला साप.

मुद्दाम लहान ठेवण्यासाठी कमी खायला घालणं क्रूर आहे. पण दुसरं टोक, ज्याला पाळणारे पॉवर फीडिंग म्हणतात, तेही मला तितकंच खटकतं. मादी लवकर वजनात यावी, लवकर अंडी द्यावी, यासाठी दर तीन-चार दिवसांनी मोठं भक्ष्य. कॉर्न स्नेकची मादी अंड्यांसाठी निदान तीन वर्षांची आणि ३०० ग्रॅमच्या पुढची असावी, असा जुन्या पाळणाऱ्यांचा दंडक आहे. त्यातलं वजन दीड वर्षात गाठता येतं, वय गाठता येत नाही. वजनानं तयार दिसणाऱ्या अशा मादीत अंडी अडकण्याचा धोका असतो, कारण चरबी आतली जागा व्यापते आणि स्नायूंत जोर नसतो. जास्तीची चरबी सापाच्या शरीराच्या मागच्या भागातल्या मेदपिंडांत आणि मग यकृतात साठते. यकृत चरबीनं भरलेला साप वरून महिनोन्महिने टवटवीत दिसतो आणि एक दिवस खाणं सोडतो.

अतिपोषणाच्या खुणा हातानं आणि डोळ्यांनी ओळखता येतात. साप सरळ असतानाही खवल्यांमधली कातडी दिसणं. वळताना अंगावर वळ्या पडणं. शेपूट सुरू होते तिथे एकदम खड्डा, जणू जाड नळीला बारीक शेपूट चिकटवलीय. डोकं शरीराच्या मानानं इवलंसं दिसणं. उलट अंगाला, पाठीचा कणा धारेसारखा वर आणि दोन्ही बाजूंना खोलगट, कातडी सैल, म्हणजे साप कमी पडलाय. निरोगी कॉर्न स्नेक आडव्या छेदात पाव-रोटीसारखा दिसतो असं म्हणतात: पोटाशी सपाट, वर गोलाई. बॉल पायथनचा कणा किंचित जाणवणारा, बाजू भरलेल्या, वरून सौम्य त्रिकोणी.

वयानुसार काय बदलायचं? कॉर्न स्नेकच्या पिल्लाला वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, पाच ते सात दिवसांनी. वर्ष ओलांडलं की सात ते दहा दिवस. पूर्ण वाढलेल्याला दहा ते चौदा दिवसांनी, पाच-सात टक्क्यांचा उंदीर पुरतो. बॉल पायथनला अर्धा किलोपर्यंत दहा ते पंधरा टक्के, सात ते दहा दिवसांनी. अर्ध्या ते एक किलोत सात ते दहा टक्के, दहा ते चौदा दिवसांनी. दीड किलोच्या पुढे पाच टक्क्यांच्या आसपास, तीन-चार आठवड्यांनी. बोआ लहानपणीही दहा-चौदा दिवसांवर ठेवावा, मोठेपणी महिना-दीड महिना. हे पाळणाऱ्यांत सर्वसाधारण चालणारे आकडे आहेत, दगडावरची रेघ नाही. साप अंगानं भरत चालला तर आधी दिवस वाढवा, मग आकार उतरवा.

घाई कशाला, असंही मला विचारावंसं वाटतं. कॉर्न स्नेक नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, बॉल पायथन त्याहून जास्त. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीनं २०२० साली अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं. असा प्राणी दोन वर्षांत पूर्ण आकाराचा झाला काय आणि चार वर्षांत झाला काय!

तुमच्या बॉल पायथन मादीबद्दल. ७०० ग्रॅमच्या, अंगानं भरलेल्या बॉल पायथननं पाच आठवडे न खाणं ही या जातीत नेहमीची गोष्ट आहे. थंडीच्या दिवसांत, विणीच्या ऋतूत, कात टाकायच्या आधी, पेटी बदलल्यावर त्या खाणं सोडतात, कधी कित्येक महिने. तिची वाढ या काळात थांबेल, पण खुंटणार नाही, खायला लागली की पुन्हा सुरू होईल. दर तीन दिवसांनी उंदीर नाकासमोर नाचवू नका, त्यानं ती आणखी बिथरते. दहा-बारा दिवसांनी एकदा, संध्याकाळी, नेहमीपेक्षा थोडं लहान आणि चांगलं कोमट केलेलं भक्ष्य द्या, रात्रभर ठेवा, सकाळी काढा. लपायला दोन घट्ट जागा आहेत का आणि उबदार बाजूचं तापमान किती आहे ते तपासा. दर दोन आठवड्यांनी वजन करा. उपासाच्या सुरुवातीच्या वजनापासून दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे काटा ६३० च्या खाली गेला, किंवा तोंडात फेस, श्वासाला आवाज, पातळ दुर्गंधीयुक्त विष्ठा दिसली, तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. आणि ती खायला लागली की चुकलेली जेवणं भरून काढायला एकदम मोठा उंदीर देऊ नका. पहिली दोन जेवणं लहानच ठेवा, आकसलेलं आतडं पुन्हा कामाला लागायला वेळ घेतं.

कॉर्न स्नेकसाठी पुढचे दोन महिने असं करा. या आठवड्यात ७ ग्रॅमचा हॉपर द्या. पोट दोन-तीन दिवसांत नीट उतरलं आणि विष्ठा घट्ट आली तर पुढच्या वेळी ८ ग्रॅम. सात दिवसांचं अंतर मोडू नका. दर आठवड्याला वजन आणि महिन्यातून एकदा लांबी लिहा, आणि दोन महिन्यांनी दिलेल्या सगळ्या उंदरांची बेरीज करून वाढलेल्या वजनाला तिनं भागा. आठ जेवणांत ६० ग्रॅम दिले आणि वजन १८ ग्रॅमनं वाढलं तर ३० टक्के अंगी लागले. हा आकडा दुसऱ्याच्या सापाशी ताडून बघू नका, याच सापाच्या पुढच्या दोन महिन्यांशी ताडा. वय वाढेल तसा तो हळूहळू उतरणारच. पण जेवण तेच, तापमान तेच आणि तरी आकडा एकदम निम्म्यावर आला, तर विष्ठेचा ताजा नमुना तपासायला द्या. परजीवी जंत आधी तिथेच सापडतात.